गेरूची रेघ

चांद्याच्या परकोटाला लागून, नदीकडच्या दरवाजाच्या आत आम्हा ढिवरांची बारा घरांची गल्ली होती. वाळत घातलेल्या जाळ्यांखालून वाकूनच घरात शिरावं लागे. पण नदी आणि बाजार दोन्ही हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला ती गल्ली आवडली.

तिथं एक रीत होती, ती माझ्या माहेरी अहेरीकडे नव्हती. पूर ओसरला की सासूनं नदीची ओटी भरायची आणि भिंतीवर पाणी जिथवर चढलं तिथं गेरूची आडवी रेघ ओढायची. गल्लीत सर्वात खाली आमचंच घर, म्हणून रेघा आमच्याच भिंतीवर; सर्वात वरची माझ्या कमरेला लागायची. मी तेव्हा इथला एकही पूर पाहिला नव्हता. मला ते जुने डाग वाटले.

त्याच वर्षी सरकारी कचेरीनं परकोटाच्या आतून रुंद रस्ता काढायचं ठरवलं. आमची बाराही घरं पडणार, बदल्यात दरवाजाबाहेरच्या मैदानात जागा. मैदान दिसायला झकास, पण गल्लीहून पुरुषभर खोल. तिथं बांधलेलं घर पहिल्याच पुरात चुलीसकट जाणार, हे सासूबाईंना ठाऊक होतं. साहेब पाहणीला येतील तेव्हा त्यांना भिंतीवरच्या रेघा दाखवायच्या, असं त्यांनी गल्लीतल्या बायांशी ठरवलं. मी तेव्हा बाजारात मासळी विकत होते. मला कळलं ते एवढंच, की साहेब येणार.

पाहुणा यायचा तर घर लख्ख हवं. मी पहाटे उठून अख्ख्या भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा दिला, आणि वर शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

"साहेब, इथवर पाणी येते. पाहा या रेघा," म्हणत सासूबाई वळल्या आणि तशाच थांबल्या.

"भिंत तर कोरी आहे, बाई," साहेब म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे बघून मटकन खाली बसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण लाज मला फार वेळ मानवत नाही, ती आली की मी भांडायला उठते. कुदळ उचलली, साहेबांना मैदानात नेलं आणि त्यांनीच रोवलेल्या हद्दीच्या दगडाशी खणलं. हातभर खाली नदीतल्या शिंपल्याच शिंपल्या.

"साहेब, या काय पायानं चालत आल्या इथी?"

त्यांनी आणखी तीन ठिकाणी खणायला लावलं. सगळीकडे तेच. ते गेले, आणि महिन्याभरात आमच्या जागा वरच्या टेकाडावर सरकल्या. मैदानातला तो एक दगड मात्र काढायचा राहिला.

गल्ली गेली, त्याचं रडगाणं मी गात नाही. रस्ता चांगला झाला, माझी टोपली बाजारात लवकर पोचू लागली. खुपत होती ती एकच गोष्ट, पोताऱ्याबद्दल सासूबाई अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

पुढच्या पावसाळ्यात मैदानाची नदी झाली. टेकाडावर आमच्या चुली कोरड्या होत्या. पूर ओसरल्यावर ओटी भरली, पण नव्या भिंतीवर ओढायला रेघ नव्हती. सासूबाई मला खाली चिखलात त्या दगडापाशी घेऊन गेल्या आणि गेरूची वाटी माझ्या हातात दिली. रेघेचा मान सासूचा. मी मागं सरले.

"तुनं पुसल्या, आता तूच काढ," त्या म्हणाल्या.

पाणी दगडाच्या डोक्यावरून गेलेलं, रेघ ओढू कुठं? मी सगळा दगडच गेरूनं रंगवला.