जाताना टोकलं

आमच्या वऱ्हाडात माणूस घराबाहेर निघाला की त्याले 'कुठी चालला' म्हणून विचारत नाहीत. विचारलं की टोकलं. मग त्यानं मागं फिरावं, जरा टेकावं, घोटभर पाणी प्यावं आन मगच निघावं. अमरावतीतल्या शेंबड्या पोरालेही हे ठाऊक असतं. मलेही ठाऊक होतं. पण बापाच्या गाड्या कापसाच्या गाठी भरून वेशीतून निघाल्या तेव्हा माह्या तोंडून निघून गेलं, "बाबा, कुठी चालले?"

बाप हसला. "रेल्वेवर माल घालाले," म्हणाला. रेल्वे तेव्हा अकोल्यापर्यंतही आली नव्हती, गाड्या अकोल्याच्याही पुढं न्याव्या लागत. साता समुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती, तिथला कापूस अडला म्हणून विलायतेले आमचा पाहिजे होता आन जो तो घाईत होता. पाणी प्याले बाप काही मागं फिरला नाही.

संगतीच्या गाड्या परत आल्या, बाप आला नाही. अकोल्याजवळ ताप भरला म्हणून मागं राहिला, इतकंच गाडीवाले सांगत. दिवस जात राहिले. एका दुपारी आत्या चुलीपाशी बोलून गेली, "या पोट्ट्यानं जातीवेळी टोकलं ना, मंग काय होईन." मायनं तिले गप्प केलं, पण माह्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून मी तोंड उघडणंच सोडलं. एका प्रश्नानं बाप गेला, दुसऱ्यानं माय गेली तर?

सरकारी शाळेतल्या पंतोजीनं काही विचारलं की मी भिंतीकडे पाही. छडी खाल्ली, अंगठे धरले. मग शाळेत जाणंच टाकलं, तेव्हा उचलबांगडी झाली. चार थोराड पोरं घरी आली आन हातपाय धरून मले भर बाजारातून लोंबकळत घेऊन गेली. लोक हसत होते. मी ना ओरडलो, ना लाथ मारली. पंतोजीनं मले खाली ठेवाले लावलं, छडी मात्र उचलली नाही. त्याच संध्याकाळी तो आमच्या घरी आला, मायनं त्याले सारं सांगितलं.

हा पंतोजी पुण्याकडचा. शिकलेला खरा, पण शकुन-अपशकुनाच्या बाबतीत आमच्या आत्याच्याही वरताण. मांजर आडवं गेलं की दुसरं कोणी पुढे जाईपर्यंत जागचा हलायचा नाही. पोरं मुद्दाम मांजर सोडत आन हा बापडा उन्हात खांबासारखा उभा. म्हणून पुढं जे झालं ते आमाले कोणाले खरंच वाटलं नाही.

त्याले शाळेच्या कामानं अकोल्याले जायचं होतं. बापाचीही खबर काढतो म्हणाला होता. सकाळी शाळेपुढं गाडी जुंपली. सारी पोरं जमली, त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. त्यानं एक पाय गाडीवर ठेवला आन मले पुढं बोलावलं.

"मी कुठं चाललो ते विचार."

मी नाही म्हणून मान हलवली.

"अहो, भलतंच काय मांडलंय? लेकरंबाळं आहेत घरात," बायको म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"विचारल्याशिवाय गाडी हलणार नाही," तो मले म्हणाला. बैल खुर आपटत होते. मले रडू येत होतं, त्याहून जास्त त्याचा राग येत होता.

"तुमी आले नाई तं?" कित्येक दिवसांनी मी बोललो.

"नाही आलो तर ताप असेल, वाघ असेल. तू नसशील."

"पंतोजी, कुठी चालले?"

"अकोल्याला," तो म्हणाला आन गाडीत बसला. बायकोनं तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

मग मी वेशीत जाऊन बसू लागलो. धुरळा दिसला की उठायचो. परत येतो म्हणून बोललेला दिवस उलटला, गाडी नाही. पंतोजीची बायको पाण्याले जाताना माह्याकडे पाहून तोंड फिरवी. तिचं काय चुकलं? मले तर मरून जावं वाटे.

शेवटी गाडी आली. तो वेशीतच उतरला आन माह्यापुढं उकिडवा बसला. "तुझे बाबा गेले, बाळ. तापानं," म्हणाला. मग माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पण मला टोकलंस, आणि मी आलो. बघ." मी भर रस्त्यात गळा काढून रडलो. त्यानं मले रडू दिलं आन मग मायकडे नेलं. दुसऱ्या दिवशी मी आपल्या पायानं शाळेत गेलो.

फार वर्षांनी पंतोजीले अकोल्याले नेणाऱ्या गाडीवाल्यानं मले एक गोष्ट सांगितली. वेस मागं पडल्यावर पहिल्याच विहिरीशी पंतोजीनं गाडी थांबवली होती. पाणी मागितलं. तांब्या हाती घेताना अर्धं पाणी धोतरावर सांडलं. तिथं पाहाले गाडीवाल्याशिवाय कोणी नव्हतं. त्यानं तांब्या तोंडापर्यंत नेला, जरा थांबला आन न पिताच परत दिला.