शेवटच्या पावलाचा फोटो

वेनिफ्रेदो सोब्रेवेगाला इलोइलोच्या मैदानांवर सगळे 'नोंग वेनी' म्हणत. वयाने थोरल्या पुरुषाला नोंग म्हणायचंच असतं, पण त्याला त्याच्यापेक्षा मोठे पंचसुद्धा नोंग म्हणायचे. बावीस वर्षं तो एका छोट्या दैनिकासाठी खेळाच्या बातम्या लिहीत होता. बास्केटबॉल, कोंबड्यांच्या पिंजऱ्याशेजारी उभारलेल्या रिंगणातलं बॉक्सिंग, शाळांच्या शर्यती, सगळं. हातात एक वही आणि कानावर पेन्सिल. पावसाने पेनची शाई फुटते, पेन्सिलीला काही होत नाही, असं तो सांगायचा.

फोटो काढायला तासियो असे. तासियो पालोमेरो बास्केटच्या खांबाखाली गुडघे टेकून बसायचा आणि वेनी पायऱ्यांवर उभा राहून बघायचा. सामना संपला की दोघं बाजारात जाऊन बाचोय प्यायचे. गरम शेवयांच्या त्या वाडग्यावर वाफ असतानाच तासियो विचारायचा, "काय झालं रे आज? मला काही दिसलं नाही." वेनीला ती थट्टा वाटायची.

मग एक दिवस दैनिकाने तासियोला निरोप दिला आणि त्याचा कॅमेरा वेनीच्या गळ्यात घातला.

"आता बातमीदारानेच फोटो काढायचा, नोंग," संपादक मॅम रोसवी म्हणाल्या. "सगळीकडे तसंच चाललंय."

"मॅम, मी बघू की काढू?"

"दोन्ही करा. डोळे दोन आहेत ना तुम्हाला?"

पण कॅमेऱ्याला एकच डोळा लावायचा असतो. पहिल्या महिन्यात वेनीने छापण्याजोगं काही आणलं नाही. कुठे पंचाची पाठ, कुठे नुसते पाय. एकदा तर अंतिम सामन्याचा फोटो म्हणून त्याने आणलेल्या चित्रात चेंडूच नव्हता. वहीत लिहायला जावं तर कॅमेरा पोटावर आपटायचा, कॅमेरा उचलावा तर पेन्सिल खाली पडायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. हळूहळू बोटं सरावली. मात्र बातमी लिहायला बसला की पूर्वी जो सामना डोळ्यांपुढून सरळ वाहत जायचा तो आता तुकड्यातुकड्यांनी यायचा, आणि मधले तुकडे कुठे गेले ते त्याला समजायचं नाही.

फेब्रुवारीत तिनागबो गावच्या मैदानावर शाळांच्या विभागीय स्पर्धा होत्या. मुलींची आठशे मीटर ही त्या सकाळची मोठी शर्यत. जी पहिली येईल ती राष्ट्रीय स्पर्धेला जाणार, दुसरी घरी. डोंगराकडच्या शाळेची मेलजेन गालिया आणि शहरातली अ‍ॅनरोस देयामान, या दोघींतच ती शर्यत होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वेनी बाहेरच्या कुंपणाशी उभा राहिला, शेवटच्या पांढऱ्या रेघेच्या चार पावलं पुढे. तिथून धावत येणाऱ्यांचे चेहरे मिळतात, हे त्याला आता कळलं होतं.

दुसऱ्या फेरीच्या वळणावर एक मुलगी अडखळून पडली. रेघेवरच्या तीन पंचांपैकी एक तिच्याकडे धावला. अ‍ॅनरोस आतल्या बाजूने, मेलजेन बाहेरून, अशा दोघी खांद्याला खांदा लावून शेवटच्या सरळ पट्ट्यात आल्या. लोक उभे राहिले. वेनीने डोळा लावला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. खट्. काचेत अंधार झाला. उजेड आला तेव्हा दोघी रेघ ओलांडून गेल्या होत्या.

उरलेल्या दोन पंचांपैकी एकाने मेलजेनकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने अ‍ॅनरोसकडे. घड्याळांनी दोघींना एकच वेळ दिली. दोन्ही शाळांचे मार्गदर्शक टेबलाशी जमले. मुख्य पंच दोमिंगो लेदेस्मा हा शांत माणूस, पण त्याच्याही कपाळाला घाम आला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "नोंग वेनीनं काढलाय फोटो."

सगळे वळले. वेनीला वाटलं आपल्या मागे कुणी उभं आहे.

"दाखवा, नोंग," लेदेस्मा म्हणाला.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर पाच डोकी वाकली. चित्र स्वच्छ होतं. अ‍ॅनरोसची छाती मेलजेनच्या वीतभर पुढे दिसत होती.

"झालं तर मग," लेदेस्मा म्हणाला. "अ‍ॅनरोस."

मेलजेनच्या मार्गदर्शक बाई, मिस तेओफिला, वेनीकडे बघून म्हणाल्या, "नोंग, तुम्ही तर तिथंच होता. तुम्हाला काय दिसलं?"

वेनीने पुन्हा त्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं.

"फोटोत आहे तेच," तो म्हणाला.

संध्याकाळी तो घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बातमी लिहायला बसला. 'अ‍ॅनरोस देयामानने वीतभर अंतराने' इथपर्यंत लिहिलं आणि पेन्सिल थांबली. कुणी पाहिलं ते अंतर? मी? त्याने फोटो पुन्हा उघडला. जमिनीवरची रेघ चित्रात तिरकी गेली होती. त्याला पहिल्यांदाच काहीतरी खुपलं.

टेबलावर सोया सॉसची आणि व्हिनेगरची बाटली होती. टेबलाच्या फळ्यांच्या एका जोडावर त्याने दोन्ही बरोबर ओळीत ठेवल्या, व्हिनेगर जवळ, सॉस पलीकडे. दोन्ही उजवीकडे पळतायत असं धरलं, मग उजव्या कोपऱ्याशी वाकून एक डोळा मिटला. सॉस पुढे होता. डाव्या कोपऱ्याला गेला. आता व्हिनेगर पुढे. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बाटल्या जागच्या जागीच होत्या.

त्याची बायको पुरिंग मासे तळत होती. "काय चाललंय? सांडशील."

"पुरिंग, यातली कुठली पुढं आहे?"

"कुठून बघायचं त्यावर आहे."

"तेच तर."

"मग विचारतोस कशाला?" ती म्हणाली आणि मासा उलटला.

जेवताना वेनी हिशेब मांडत राहिला. तो रेघेच्या पुढे उभा होता, म्हणून पलीकडची मुलगी पुढे दिसणारच. म्हणजे मेलजेन जिंकली होती का? तेही नाही. दोघी बरोबर असतील. किंवा अ‍ॅनरोस खरंच पुढे असेल, वीतभर नाही तरी बोटभर. फोटो खोटा नव्हता. खरंही काही सांगत नव्हता.

सकाळी उठून तो तासियोकडे गेला. तासियो आता चर्चजवळ पारपत्राचे फोटो काढायचा. त्याने फोटो पाहिला, दोन बाटल्यांची हकिगत ऐकली आणि मान हलवली.

"रेघेच्या बरोबर समोर नसशील तर निकाल सांगायला फोटो कुचकामी. हे कुणीही सांगेल."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस. आणि आणखी एक. बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो, काचेत अंधार होतो. जो क्षण फोटोत आहे, नेमका तोच क्षण काढणाऱ्याने पाहिलेला नसतो."

वेनीला बाजारातला तो प्रश्न आठवला. "म्हणून तू विचारायचास मला? काय झालं म्हणून?"

"मग काय, गंमत म्हणून?"

वेनी तिथून तिनागबोला गेला. लेदेस्माने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"नोंग, निकाल लागला, नावं वर गेली. आता तुम्ही म्हणता फोटो चुकला. मग जिंकलं कोण?"

"माहीत नाही."

"मग मी काय बदलू? आणि त्याजागी काय लिहू?"

वेनी तिथून शाळेकडे गेला. बाहेरगावच्या मुली शाळेच्या वर्गांतच उतरल्या होत्या. मेलजेन बाकावर पथारी गुंडाळत होती. वेनीने तिला सरळ विचारलं, कोण पुढं होतं. तिने पथारी खाली ठेवली.

"शेवटी मी डोळे मिटले होते, नोंग. बाई म्हणतात मीच पुढं होते. मला तिचा श्वास ऐकू येत होता. शेजारून, की पुढून, आठवत नाही."

"चुकीच्या जागी उभा होतो मी. ते सांगायला आलो."

"मग आता पुन्हा धावायचं का?" तिने आशेने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली तेव्हा ती पुन्हा पथारीकडे वळली. दोरी बांधताना तिने गाठ तीनदा सोडली.

फाटकाशी अ‍ॅनरोस भेटली. पदक खिशात होतं, फीत तेवढी बाहेर लोंबत होती. तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं.

"नोंग, खरं सांगा. मी जिंकले ना?"

"आंबोत," वेनी म्हणाला. तिकडे हा शब्द लोक उठताबसता खांदे उडवून म्हणतात, म्हणजे कुणास ठाऊक. त्याने खांदे उडवले नाहीत. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आपण बरं केलं की वाईट, हे त्याला काही केल्या समजेना. पदकाबद्दल तरी ती निर्धास्त होती, आज सकाळपर्यंत.

बातमीत त्याने घडलं ते सगळं लिहिलं. कुठे उभा होतो, काचेत अंधार कसा झाला, बाटल्यासुद्धा. मॅम रोसवींनी ती दोनदा वाचली.

"नोंग, लोक निकाल वाचायला पेपर घेतात. तुम्ही लिहिलंय तुम्हाला ठाऊक नाही."

"हो मॅम."

"फोटो छापू?"

"छापा. पण खाली लिहा, यावरून काही ठरवू नका."

त्यांनी बाटल्या कापल्या, बाकी छापलं. दोन्ही शाळा रागावल्या. शहरातल्या शाळेने म्हटलं, पोरीचं यश डागाळलं. डोंगरातल्या शाळेने म्हटलं, काही दिसलंच नव्हतं तर टेबलाशीच का नाही बोललात. दोघांचंही त्याला पटलं. अ‍ॅनरोस राष्ट्रीय स्पर्धेला गेली आणि सहावी आली. मेलजेनने पुढच्या वर्षी धावणं सोडून शिवणकाम धरलं, असं मिस तेओफिलांनी सांगितलं. शर्यत हरल्यामुळे का, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, तिची मावशी मशीन देऊन गेली म्हणून. पण सांगताना त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर वेनी शर्यतीच्या शेवटाला कॅमेरा उचलत नाही. नुसता बघतो. त्याच्या दैनिकात पळणाऱ्यांचे फोटो येतात ते रेघ ओलांडल्यावरचे, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकतानाचे. मॅम रोसवी कुरकुरतात, पण चालवून घेतात. एकदा बाजारात बाचोय पिताना तो तासियोला म्हणाला, "एक गोष्ट मला उलगडत नाही. समजा त्या दिवशी कॅमेरा नसता. मी त्याच जागी उभा राहून दोन्ही डोळ्यांनी बघितलं असतं. तरी अ‍ॅनरोसच पुढं दिसली असती की नाही?"

"दिसली असती."

"आणि मी छातीठोकपणे लिहिलं असतं."

"लिहिलं असतंस."

"मग बावीस वर्षं मी कुठं कुठं उभा होतो?"

तासियोने शेवयांवर फुंकर घातली.