डोंगरावरची रोपं कशानं मरत होती

येळ्ळूरजवळच्या आमच्या गावाला गायरानाचा डोंगर होता. त्यावर जांभळीची, हिरड्याची रोपं आपसूक उगवायची, पण गुडघ्याच्या वर कधी जायची नाहीत. गावानं खापर फोडलं ते शेळ्या चारणाऱ्या धनगरावर. एका उन्हाळ्यात पंचांनी त्याला डोंगर बंद करायचं ठरवलं. पंचांत आमचे वडील, आप्पाही होते.

माझी थोरली बहीण, आक्का, नवरा वारल्यावर माहेरी आली होती. सरपणाला आम्ही दोघी रोज डोंगरावर जायचो. त्या दिवशी देवळापुढं पंच बसलेले, आणि आक्का सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बायकांनी तिथं बोलायची रीत नव्हती.

"धनगराला घालवायच्या आधी एकदा वर चला," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. आप्पा मात्र उठले, म्हणून बाकीचेही उठले.

वर गेल्यावर तिनं शेंडा खाल्लेलं एक रोप कोयत्यानं खरवडलं. "हे शेळीनं खाल्लंय. आत बघा, हिरवं हाय. पावसात बाजूनं फुटतंय." मग दुसरं दाखवलं. त्याची पानं जागच्या जागी वाळलेली, बुडाची साल काळी पडलेली. सोलली तर आत सगळं तपकिरी. "ह्याला शेळीचं तोंड बी लागलं न्हाय. हे आगीनं मेलंय."

नवं गवत जोमानं यावं म्हणून शिमग्यानंतर वाळलं गवत आम्हीच पेटवायचो. पहिली चूड लावायचा मान आप्पांचा.

"म्हंजे मी मारली व्हय गं ही?"

"तुमी एकट्यानं न्हाय, आप्पा. समद्यांनी."

आप्पा खाली बसून ते रोप चाचपत राहिले. मग पंचांकडं वळून म्हणाले, "पोरगी खरं बोलतीया. हितनं फुडं डोंगर पेटवायचा न्हाय."

लोक कुरकुरले, पण दिवाळीनंतर आक्कानं गावच्या बायका गोळा केल्या, गवत कापून घरोघर वाटलं आणि बाहेरची आग वर चढू नये म्हणून डोंगराभोवती जमिनीचा पट्टा साफ केला. धनगरानंही रोपं वाढेपर्यंत शेळ्या पलीकडच्या उतारावर नेल्या. काही वर्षांत जांभळी माणसाच्या डोक्यावर गेल्या.

पुढं आम्ही दोघी शहापूरच्या पेठेत लुगडं घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "डोंगर राखणारी बाई तुमच्याच गावची न्हवं?" आक्का लुगड्याचे काठ बघत राहिली. मीच छाती काढून म्हणाले, "हीच ती. माझी थोरली बहीण."