सभागृह आणि विहिरीचं कुलूप

सिस्टरने साहेबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आरोग्य कार्यालयात आधी त्यांचा आवाज शिरला, मागून पोट आलं, आणि त्या दोघांची बसायची सोय झाल्यावर सावकाश साहेब आले. त्या आवाजाने फ्रिजमधल्या लशी तापल्या की काय म्हणून आपण थर्मामीटर पाहिला, असं ती निवृत्तीनंतरही शपथेवर सांगते.

वीस वर्षं आमदारकी केलेले साहेब पडले आणि सरकारने त्यांना शहराचं आरोग्यप्रमुख करून टाकलं. सवयी मात्र आमदाराच्याच राहिल्या. फोनवरसुद्धा ते उभं राहून बोलत. चहा आला की 'ठराव मंजूर' म्हणत. कार्यालयाने त्यांचं नाव ठेवलं सभागृह. 'सभागृह जेवायला गेलंय,' हे भेटायला आलेल्याला सांगताना शिपायाला कोण आनंद व्हायचा. पण साहेबांचा एक डोळा वर्षभरावर आलेल्या निवडणुकीवर होता. खुर्चीत ते कधी टेकून बसलेच नाहीत.

त्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीत काविळीचे एकतीस रुग्ण निघाले. सिस्टरने तिथल्या विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं. अहवाल वाईट आला. विहीर बंद करायला साहेबांची एक सही पुरे होती. पण साहेबांनी विहिरीच्या काठावर सभा बोलावली, जंतूंवर चाळीस मिनिटं बोलले आणि सवयीने म्हणाले, बंद करावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. वर गेला तो एकट्या सिस्टरचा. या पाण्यावर आमच्या तीन पिढ्या पोसल्या म्हणून ओरडणाऱ्यांत साहेबांची थोरली बहीण सगळ्यांत पुढे होती, कमरेवर कळशी घेऊन. साहेबांनी ठराव फेटाळल्याचं जाहीर केलं, हात जोडले आणि समाधानाने गाडीकडे निघाले.

सिस्टर मागोमाग गेली. "साहेब, जंतूंनी मतदान केलेलं नाही."

साहेब थांबले. रुमालाने मान पुसत हळू आवाजात म्हणाले, "या गल्लीत माझी साडेचारशे मतं आहेत, सिस्टर." त्यांना हळू बोलता येतं हे तिला त्या दिवशी कळलं.

"त्यातली एकतीस अंथरुणात आहेत."

लोखंडी झाकण आणि कुलूप तिने सकाळीच गाडीत टाकून ठेवलं होतं. साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली, परत गेले आणि भाषण न करता स्वतःच्या हाताने कुलूप लावलं.

"बाळ्या, आता ये हं माझ्या दारात मतं मागायला," बहीण म्हणाली.

"येईन, ताई. तोवर पाणी उकळून पी."

आणि ते गेलेही, पण मतांसाठी नव्हे. पुढचा महिनाभर टँकर गल्लीत आला की साहेब दारोदार फिरून पाणी उकळलं का विचारत. प्रत्येक घरातल्या सुनेचं नाव त्यांना पाठ होतं, ती वीस वर्षांची कमाई. कावीळ हटली. दारोदार भरलेलं तसं सभागृह पुन्हा भरलं नाही, असं सिस्टर अजून म्हणते.

वर्षाने साहेब राजीनामा देऊन निवडणुकीला उभे राहिले. त्या गल्लीतून त्यांना अकरा मतं पडली. सिस्टरचं मत दुसऱ्या मतदारसंघात होतं.