तिळावरची पिन

“तुमचं हाडच हट्टी आहे हो, कांबळेताई. शॉक वेव्हला रिस्पॉन्स नाही. आता ऑपरेशनच,” पारुळेकर सर म्हणाले आणि माझं डोकं फिरलं.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी एक्स-रे टेक्निशियन आहे. पारुळेकर सर फिजिओथेरपीचे हेड. सुनंदा कांबळे नाहूरला टपाल वाटतात. रिक्षाने उडवलं, नडगीचं हाड मोडलं. प्लेट बसवून वर्ष होत आलं तरी फट भरेना. पुन्हा ऑपरेशन म्हणजे कमरेचं हाड काढून नडगीत भरायचं. ते टळावं म्हणून शॉक वेव्ह. यात विजेचा शॉक नसतो. आवाजाच्या जोरदार लाटा फटीवर सोडतात, म्हणजे थांबलेलं हाड पुन्हा भरू लागतं. कधी लागतं, कधी नाही. पण लाटा फटीवर पडायला तर हव्यात!

तीन महिन्यांपूर्वी सरांनी विचारलं होतं, “कुठे दुखतं?” ताईंनी बोट ठेवलं, सरांनी तिथेच मशीन लावलं. टाचदुखीला हीच पद्धत, आणि सर दिवसभर टाचाच करतात. नडगीतली फट मात्र एक्स-रेवर बघून शोधावी लागते. मी म्हटलंही होतं, “सर, सी-आर्म आणू का?” सी-आर्म म्हणजे काम चालू असताना आतलं हाड पडद्यावर दाखवणारं यंत्र.

“पेशंट स्वतः सांगतेय ना! तू तुझे फोटो काढ.”

मी गप्प बसलो. त्याचा राग अजून आहे, सरांपेक्षा स्वतःवर जास्त.

आता ऑपरेशनचं सांगून सर निघून गेले, तेव्हा ताईंचा अजून एक फोटो बाकी होता. ताई टेबलावर पडून रडत होत्या. “परत कापणार ओ, दादा. रजा संपत आली. चार-चार मजले चढायचे असतात मला.”

“मशीन नेमकं कुठे लावलं होतं?”

“ह्या तिळावर. जीव गेलेला ना तेव्हा, विसरेन कशी?”

मी स्टेपलरची पिन चिकटपट्टीने तिळावर लावली आणि फोटो काढला. एक्स-रेत धातू पांढरा दिसतो. पिन आली प्लेटच्या खालच्या स्क्रूच्या डोक्यावर. फट त्याच्या चार बोटं वर! दुखत होता तो स्क्रू, आणि बदनाम झालं बिचारं हाड.

फोटो घेऊन मी थेट ताईंच्या सर्जन कर्णिक मॅडमकडे गेलो. त्यांनी सरांना बोलावून घेतलं.

“हे काय आहे, पारुळेकर?”

“मॅडम, जागा पेशंटनेच दाखवली होती.”

“मग तुमची डिग्री पेशंटलाच देऊन टाकू या का?”

पुढची शॉक वेव्ह मॅडमनी स्वतः दिली, सी-आर्मखाली. वर प्लॅस्टर. चौथ्या महिन्याच्या फोटोत फट पुसट झाली होती. ताई आज पुन्हा जिने चढतात.

फाइलमधली पहिली नोंद मात्र तशीच आहे: ‘पेशंटचा प्रतिसाद नाही.’ सरांनी ती बदलली नाही, ताईंची माफीही मागितली नाही. मी आता सी-आर्म आणू का, असं कुणाला विचारत नाही. ढकलत घेऊन जातो. दुखतं कुठे ते पेशंट सांगतो. मोडलंय कुठे ते शोधायला आपल्याला ठेवलेलं असतं.