शेजारणीचं पुणं

सिंगापूरला, बिशानमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटात एक जपानी शेजारीण राहायला आली आणि बघता बघता तिनं माझं पुणं बळकावलं. हे मी विचार करून लिहिते आहे. मी पुण्यात जन्मले, शाळा-कॉलेज तिथंच केलं आणि गेली चौदा वर्षं रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात ‘पुण्याची’ म्हणून मिरवते आहे. ती नवऱ्याच्या चाकणच्या नोकरीपायी पुण्यात राहिली चार वर्षं. चार! आणि एवढ्या भांडवलावर पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये मला विचारते, “तुमच्या टेकडीवर अजून मोर दिसतात का?” आमच्या टेकडीवर मोर असतात हे मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, “दिसतात की.”

तिला पुण्याला पाठवताना तिच्या घरच्यांनी बराच घोळ घातला होता. आईच्या लेखी भारत म्हणजे जुलाब, म्हणून तिनं विमानतळावर डोळे पुसत बॅगेत पाणी शुद्ध करायच्या गोळ्या कोंबल्या. सासूबाईंच्या लेखी भारत म्हणजे बुद्धाचा देश, म्हणून त्यांनी तिथली चिमूटभर माती आणायला रेशमी पिशवी दिली. पुण्यात आल्यावर बुद्ध कुठे भेटेना आणि पोटही बिघडेना, तेव्हा ही बाई एक वही घेऊन बाहेर पडली. चित्रांनी भरलेली ती वही मी पाहिली आहे. कोथिंबिरीची जुडी, मिसळणाचा डबा आणि त्यातल्या प्रत्येक वाटीचं नाव, सोसायटीच्या गेटपासून भाजीवालीपर्यंतचा नकाशा, त्यात वाटेवरचा शिंपी आणि त्याच्या पायरीवर झोपलेला कुत्रासुद्धा.

पुण्याच्या पाट्यांवर मी इथं भल्याभल्यांना हसवलं आहे. ती हसली नाही. म्हणाली, “आमच्याकडेही सगळीकडे सूचना लिहिलेल्या असतात. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. नियम आधीच कळला की कुणाला वाईट वाटायचं कारण उरत नाही.” हॉर्नचं विचारलं तर म्हणाली, “आधी वाटायचं, सगळे माझ्यावर रागावलेत. मग कळलं, ते नुसतं ‘मी इथे आहे’ एवढंच सांगतात. आमच्या शहरात कुणी कुणाला एवढंही सांगत नाही.”

माझी तेरा वर्षांची मुलगी टेबलाशी बसून हे सगळं ऐकत होती. मी तिला आजवर पुण्याचं काय सांगितलं होतं? ट्रॅफिक, धूळ, खोदून ठेवलेले रस्ते. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. शेजारीण गेल्यावर ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “मम्मा, आंटीचं पुणे इज सो मच नाइसर दॅन युवर्स, लाह.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तरी आमचं जाणं-येणं थांबलं नाही, आणि त्याला कारण एक डबा. सुरुवातीला मी तिला स्टीलच्या डब्यातून शिरा दिला होता. लग्नातला डबा, झाकणावर माझं नाव कोरलेलं. दुसऱ्या दिवशी तो धुऊन-पुसून, रुमालात बांधून परत आला आणि आत तांदळाच्या कुरकुरीत चकत्या होत्या. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यांच्याकडे मिळालेल्याची परतफेड केल्याशिवाय चैन पडत नाही. अशा दोघी समोरासमोर राहायला आल्यावर थांबणार कोण? वर्षभर तो डबा कॉरिडॉर ओलांडत राहिला.

फेब्रुवारीत ती जुन्या मैत्रिणींना भेटायला आठवडाभर पुण्याला निघाली. मी तीन वर्षांत गेले नव्हते. कधी मुलीची परीक्षा, कधी ऑफिसचं काम, काही ना काही निघायचंच. मी त्या डब्यात अननसाचे टार्ट भरले आणि म्हटलं, “माझी आई कर्वेनगरला एकटीच असते. दहा मिनिटं जाऊन एवढं देऊन याल?”

त्या दहा मिनिटांच्या तीन दुपारी झाल्या. परत आली ती दोन डबे घेऊन. माझ्या डब्यात मेतकूट होतं. दुसरा डबा कोरा करकरीत, आणि त्याच्या झाकणावर देवनागरीत तिचं नाव. आईनं तिला भांड्यांच्या दुकानात नेऊन समोर उभं राहून कोरून घेतलं होतं. आत चकल्या होत्या. मला दोन वर्षं “आता होत नाही गं” असं सांगणाऱ्या माझ्या आईच्या चकल्या!

“त्यांनी दाखवलं, मी पाडल्या,” शेजारीण आनंदानं सांगत होती. “आणि डोळा आता छान आहे. बाल्कनीतून टेकडी स्पष्ट दिसते म्हणाल्या.”

“कसला डोळा?”

ती मान खाली घालून हळूच म्हणाली, “माफ करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना, सप्टेंबरमध्ये.”

मी तिच्यादेखतच आईला फोन लावला.

“अगं, तू मीटिंगमध्ये असतेस,” आई म्हणाली. “उगाच जिवाला घोर कशाला?”

“आणि तिला बरं सांगितलंस!”

“ती समोर बसली होती.”

मी फोन ठेवला. मला त्या बाईचा हेवा वाटला, चारचौघांत सांगायची लाज वाटावी इतका. तिच्या दाराचा आवाज आला की मी चपला घालायलाच वेळ लावायची, म्हणजे लिफ्ट तिला घेऊन खाली जाईल. माझं गाव घेतलंस, मुलगी घेतलीस, आता आईसुद्धा?

महिन्याभरानं तीच आली. दोन्ही हातांत तिच्या नावाचा तो डबा, आत मीठ लावून मुरवलेली आंबट जपानी फळं. “रिकामा कसा पाठवायचा?” ती म्हणाली. “तुम्ही जाल तेव्हा न्या.” जणू माझं जाणं ठरलेलंच होतं. डबा फ्रीजवर बसला. येता-जाता तिचं नाव मला दिसायचं. आठव्या दिवशी मी तिकीट काढलं. आईच्या ओढीनं काढलं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगायचं तर तो डबा तिनं स्वतः नेऊन आईच्या हातात देऊ नये, म्हणून काढलं.

आईनं दार उघडलं. मी डबाच पुढे केला. तिनं चष्म्याशिवाय झाकणावरचं नाव वाचलं. “अगंबाई, आठवणीनं भरून पाठवला! बरी आहे ना ती?”

“बरी आहे.”

“आणि तुझा कुठाय?”

माझा बिशानला होता. मेतकूट संपवून, धुऊन, ओट्यावर पालथा घातलेला. इतके दिवस दुसरीच्या डब्याकडे बघता बघता मला माझा भरायचं सुचलंच नव्हतं.

“राहिला,” मी म्हटलं. “रिकामाच.”

आई हसली. “असू दे. डब्यांचं शेजारणींशी असतं गं. तू घरचीच. चल, हात धू, वरणभात तयार आहे.”

घरचीच! माझा जीव भांड्यात पडला. शेजारणीला हे कधी ऐकायला मिळणार नव्हतं, आणि ते तिला जाऊन कसं सांगायचं याची मी मनात जुळवाजुळवही सुरू केली. हात धुऊन स्वयंपाकघरात गेले आणि चमचे काढायला ओट्याखालचा खण ओढला. त्यात जुनी वर्तमानपत्रं होती. त्याच्या खालच्यात पिशव्या.

“चमचे आता वरच्या फळीवर असतात,” मागून आई म्हणाली. “ऑपरेशननंतर वाकायचं नव्हतं ना.”