क्लॅरिसवहिनींनी वाटून टाकलेल्या गोळ्या

मरोळच्या गावठाणात कोणाचं पोट दुखलं किंवा कोणाला खोकला झाला, तर दवाखान्याआधी क्लॅरिसवहिनींचं दार वाजतं. त्या नर्स नाहीत, कधी नव्हत्या. लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात, बाटलीतला मसाला करून विकतात. पण त्यांच्याकडे बिस्किटांचा एक मोठा डबा आहे. गल्लीत ज्याच्या गोळ्या उरतील त्या या डब्यात जमा होतात आणि लागेल त्याला दिल्या जातात. त्यांचा नवरा फिलिप आमच्याच ऑफिसात होता. तो म्हणायचा, "आमच्याकडे औषधाला मालक नसतो रे." फिलिपला जाऊन बरीच वर्षं झाली. मी शेजारच्या सोसायटीत राहतो आणि रविवारी वहिनींकडे चहाला जातो.

यंदा ऑगस्टमध्ये मिठी नदीचं पाणी गल्लीत शिरलं. ओसरल्यावर पालिकेची माणसं लेप्टोच्या गोळ्या वाटून गेली; घाण पाण्यात उतरल्यापासून तीन दिवसांत घेतल्या की तो ताप सहसा येत नाही; पण कामावर गेलेल्यांना त्या मिळाल्या नाहीत, आणि आसपासच्या दुकानांतल्याही संपल्या. लोक वहिनींकडे आले. वहिनींना आठवलं की रसेलच्या कपाटात याच नावाच्या पट्ट्या पाहिल्या होत्या. रसेल हा त्यांचा एकुलता मुलगा, विमानतळाजवळच्या हॉटेलात पार्ट्यांचं काम बघतो, तिशी उलटली तरी लग्न केलेलं नाही. तो गोव्याला गेला होता. वहिनींनी कपाट उघडलं आणि मागेल त्याला गोळ्या देऊन टाकल्या.

रविवारी मी चहा घेत असताना रसेल परत आला. बॅग दारातच टाकून आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"ममा, माझ्या गोळ्या कुठे गेल्या?"

"वाटल्या. लोक गटाराच्या पाण्यात उभे होते आणि तू कपाटात भरून ठेवलेल्या!"

"सगळ्या?"

"सगळ्या. तुला कशाला पाहिजेत? गोव्यात पण पाणी भरलं?"

"हो ना. रस्त्यावर."

वहिनींनी त्याच्या पांढऱ्याशुभ्र बुटांकडे बघितलं. "थापा कोणाला मारतोस रे? उन्हाळ्यात पण कचऱ्यात याची रिकामी पट्टी सापडली होती. तेव्हा कुठलं पाणी होतं?"

रसेलने माझ्याकडे बघितलं. मी कप ठेवून उठलो.

"भावोजी, बसा तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "हा काय बोलतो ते ऐकायला कोणीतरी शिकलेलं पाहिजे."

मी बसलो. रसेल उभाच होता. "ममा, मला त्या उद्यापर्यंत लागणारच. नाहीतर मागच्या वर्षीसारखं होईल."

मागच्या वर्षी त्याच्या अंगावर पुरळ आलं होतं. मग कमरेखाली इंजेक्शनं झाली आणि तो लंगडत चालायचा. वहिनी गरम पाण्याच्या पिशवीने शेकायच्या आणि विचारेल त्याला सांगायच्या, व्हिटॅमिनची इंजेक्शनं आहेत.

"ते व्हिटॅमिन नव्हतं," रसेल म्हणाला. "सिफिलिस होता. तेव्हापासून डॉक्टरांनी या दिल्यात. एखाद्या पुरुषाबरोबर झोपलो की शक्यतो दुसऱ्याच दिवशी दोन एकदम घ्यायच्या, फार तर तीन दिवसांत. मग बहुतेक वेळा रोग धरत नाही. दर तीन महिन्यांनी रक्तही तपासतात. एचआयव्हीची गोळी वेगळी, ती रोज घेतो."

त्याने पुस्तकातला शब्द वापरला होता, पुरुष. घरात कोणी असं बोलत नाही.

मला वाटलं, आता वहिनी रडतील. त्यांनी विचारलं, "आता तुला काही झालंय?"

"नाही."

"मग रोग नाही तर औषध कशाला?"

"गल्लीत तरी कोणाला लेप्टो झाला होता, ममा?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावोजी, हा बरोबर बोलतोय की मला गुंडाळतोय?"

मी म्हटलं, गोळी तीच दिसते आणि मुदतही तीच.

"मग ती वाईट कशी झाली?"

"वाईट कोण म्हणालं?" रसेल म्हणाला.

"मीच म्हणते. पण कोणाला म्हणते, ते मला कळत नाहीये." त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. रसेल म्हणाला, "अंकल, माझं हे असं आहे ते तुम्हाला माहीत होतं?"

"नाही रे."

"पापाला होतं."

फिलिप आणि मी आयुष्यभर एकाच टेबलावर डबा खाल्ला. त्याने मला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. तो मला लायक समजला नाही की मुलाचं गुपित त्याने जपलं, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात वहिनी आल्या. हातात दोन कॅप्सूल होत्या.

"शांताबाईच्या. वरच्या मजल्यावर राहते, पाय ओला झाला नाही तिचा, फुकट म्हणून घेतलेल्या. ताप आला की खाईन म्हणते!" त्यांनी मोठा ग्लास भरला. "घे. पाणी सगळं पी, आणि लगेच आडवा होऊ नकोस."

रसेलने गोळ्या घेतल्या. पाणी संपेपर्यंत वहिनी त्याच्या गळ्याकडे बघत होत्या.

"शांताबाईंना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"रसेलला पाहिजेत म्हटलं."

"कशाला, असं नाही विचारलं?"

"विचारलं ना. म्हटलं, मला पण नीट कळलेलं नाही, कळलं की सांगते."

"ममा!" रसेल ओरडला.

"ओरडू नकोस. तो दुसरा, त्याने घेतल्या का?"

रसेल गोंधळला. "माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? फोन कर."

"आत्ता?"

"मग कधी, मुदत संपल्यावर?"

रसेल फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेला. त्याचा आवाज आत येत होता. "अरे, मी रसेल... नाही, बरा आहे. तू डॉक्टरांना विचारलंस का? ... नाही रे, ममा विचारतेय."

वहिनींनी माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.

"मला अजून कळलेलं नाही हां, भावोजी," त्या हळूच म्हणाल्या आणि कान ओट्याकडे लावून बसल्या.